धरण उशाला, कोरड घशाला

मार्च संपत आला की वर्तमानपत्रांच्या ठाणे जिल्ह्याच्या पानावर एक मथळा हमखास येतो: 'धरण उशाला, कोरड घशाला.' खाली फोटो. डोक्यावर दोन हंडे, कमरेवर कळशी, मागे उघडी टेकडी. तालुका शहापूर, नाहीतर मुरबाड. बातमीच्या शेवटच्या ओळीत बहुतेक वेळा एक शब्द असतो: शोकांतिका.

हा शब्द आपण फार सैल हातानं वापरतो. अपघात झाला, शोकांतिका. सामना हरला, तीही शोकांतिका. शोकांतिका हा नाट्यप्रकार ज्या ग्रीकांनी घडवला, त्यांच्यासाठी मात्र त्या शब्दाला नेमका अर्थ होता. शहापूरच्या त्या फोटोला तो लागू पडतो का, आणि पडत असेल तर नाटकातलं नेमकं पात्र कोण, हे एकदा नीट तपासून पाहायला हवं. कारण चुकीची गोष्ट लावली की चुकीच्या माणसाला दोष लागतो.

हनुवटीपर्यंत पाणी

ग्रीक पुराणातली पहिली आठवणारी गोष्ट टँटॅलसची. होमरच्या 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गात ओडिसियस मेलेल्यांच्या जगात जातो, तेव्हा त्याला हा म्हातारा दिसतो. हनुवटीपर्यंत तळ्यात उभा आहे. तहानेनं जीव चाललाय. पण प्यायला वाकला की पाणी आटतं आणि पायाशी काळी माती उघडी पडते. डोक्यावर डाळिंबं, अंजिरं लटकतात; हात वर केला की वारा फांद्या उडवून नेतो. समोर दाखवून हाती लागू न देणं, या अर्थाचं इंग्रजीतलं 'टँटलाइझ' हे क्रियापद याच्याच नावावरून आलं.

आता नकाशा पाहा. तानसा धरण शहापूर तालुक्यात. भातसा धरण शहापूर तालुक्यात. वैतरणेवरचे जलाशय तालुक्याच्या उत्तरेकडच्या पट्ट्यात. मुंबईला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी लागतं. त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं. पाऊसही काही कमी नाही, वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. पण जमिनीखाली दख्खनचा काळा कातळ. चार महिने पडलेलं पाणी उतारानं नदीत, नदीतून धरणात किंवा खाडीत जातं. कातळात मुरतं थोडंच. जलाशय खाली, पाडे वर. फेब्रुवारी-मार्चमध्ये विहिरींचा तळ दिसू लागतो आणि टँकरची वाट पाहणं सुरू होतं. पाड्यावरून खाली निळं पाणी दिसत असतं. टँटॅलसच आठवावा असं दृश्य आहे.

पण इथंच थांबायला हवं. टँटॅलसला ही शिक्षा का झाली, हे होमर सांगतच नाही. त्याच्या ओळींमध्ये फक्त तहान आहे. गुन्हा पुढच्यांनी शोधला. कुणी म्हणालं, देवांच्या पंगतीला बसायचा मान मिळालेल्या टँटॅलसनं त्यांचं अमृत चोरलं. कुणी म्हणालं, देवांची परीक्षा पाहायला त्यानं पोटचा मुलगा पेलॉप्स कापून, शिजवून वाढला. युरिपिडीसच्या 'ऑरेस्टेस' नाटकात सुरुवातीलाच सांगितलं जातं की त्याचा गुन्हा म्हणजे बेलगाम जीभ.

माणसाचं मन असंच चालतं. कुणाला सोसताना पाहिलं की आपण आधी त्याची चूक शोधतो. ती सापडली की आपल्याला बरं वाटतं. जग न्यायाचं आहे आणि आपण सुरक्षित आहोत, असं वाटतं. शहापूरच्या फोटोखालच्या चर्चेतही हेच होतं. विहिरींचा गाळ काढला नाही, बोअर मारून ठेवल्या, योजनेचे पैसे खाल्ले, या लोकांना नियोजनच नाही. यातलं काही खरंही असेल. पण त्या पाड्यावरची बाई देवांच्या पंगतीला कधी बसलीच नव्हती. तिथलं अमृत चोरायचा प्रश्नच नाही. टँटॅलसची गोष्ट तिला लावली की न केलेला गुन्हाही तिच्या नावावर चढतो.

शिवाय टँटॅलसची गोष्ट ही शोकांतिका नव्हे. ती शिक्षा आहे. ॲरिस्टॉटलच्या 'काव्यशास्त्रा'चा विंदा करंदीकरांनी मराठीत अनुवाद केला आहे. त्यात शोकांतिकेच्या नायकाची अट वाचायला मिळते: तो दुष्ट नको, अगदी निर्दोषही नको, तुमच्या-आमच्यासारखा, पण थोरवी लाभलेला माणूस हवा, आणि त्याच्या हातून एक मोठी चूक घडायला हवी. म्हणजे ग्रीक शोकांतिकेच्या मध्यभागी सोसणं एकटं नसतं. तिथं एक निर्णय असतो, आणि तो माणसानंच घेतलेला असतो.

टँटॅलसची खापरपणती

तसा निर्णय टँटॅलसच्याच घराण्यात आहे. टँटॅलसचा मुलगा पेलॉप्स, त्याचा ॲट्रियस, त्याचा ॲगॅमेम्नॉन आणि त्याची मुलगी इफिजेनिया.

ट्रॉयवर स्वारी करायला निघालेलं ग्रीक आरमार ऑलिस बंदरात अडकून पडलं आहे. अनुकूल वारा नाही. सैन्य उपाशी, गलबतं कुजायला लागलेली. ज्योतिषी सांगतो: आर्टेमिस देवी कोपली आहे, सेनापतीनं आपल्या मुलीचा बळी दिला तरच वारा फिरेल. ॲगॅमेम्नॉन बायकोला निरोप धाडतो की मुलीला घेऊन ये, तिचं लग्न अकिलीसशी ठरवलंय. मुलगी नवरी म्हणून येते. पुढे काय, ते सगळ्या प्रेक्षकांना ठाऊक असतं.

हे वाचताना मराठी माणसाला ओळखीचं काहीतरी ऐकू यायला हवं. श्रावण शुद्ध सप्तमीची, शीतलासप्तमीची कहाणी आठवा. राजानं नवं गाव वसवलं, तळं बांधलं, पण तळ्याला पाणी लागेना. जलदेवतेनं मागणं केलं: सुनेचा थोरला मुलगा दे. राजाला वाईट वाटलं, पण पाण्यानं सगळ्यांचं भलं होईल, असा विचार त्यानं केला. सून मूल द्यायला कबूल होणार नाही, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्यानं तिला माहेरी पाठवलं आणि मूल ठेवून घेतलं. मुलाला न्हाऊ-माखू घातलं, दागिने चढवले, आणि तळ्यात ठेवलं. तळं भरलं.

दोन गोष्टींमध्ये हजारो मैलांचं अंतर आहे. पण सांधा एकच. दोन्हीकडे मागणी देवाची, निर्णय राजाचा आणि हेतू सार्वजनिक. एकीकडे आरमाराला वारा, दुसरीकडे गावाला पाणी. आणि दोन्हीकडे, जिच्या पोटच्या गोळ्यावर हे सगळं होणार तिला खोटं सांगितलं जातं. राजाला आपल्या कामाच्या योग्यतेची पूर्ण खात्री असती, तर तिला माहेरी पाठवायची गरज नव्हती. लपवाछपवी हाच दोन्ही राजांच्या मनातल्या शंकेचा पुरावा.

म्हणून शहापूर-मुरबाडला लावायची असेल, तर ही गोष्ट लावावी. तहानलेल्या पाप्याची नको. सगळ्यांच्या पाण्यासाठी कुणाचं तरी लेकरू तळ्यात ठेवलं गेल्याची.

मुंबईचा वारा

इथं मुंबईला खलनायक करून चालणार नाही. ॲगॅमेम्नॉनसमोर खरोखरच हजार गलबतं खोळंबली होती. मुंबईची तहानही खरी होती. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावं मुंबई एकेकाळी कशावर जगायची ते सांगतात: तळी आणि विहिरी. लोकसंख्या वाढली, ते पाणी पुरेना, दूषितही होऊ लागलं. १८६० मध्ये विहार तलाव झाला, १८७९ मध्ये तुळशी. दोन्ही आजच्या शहराच्या हद्दीतच. तेही पुरेनात, तेव्हा शहराची नजर सह्याद्रीच्या पायथ्याकडे वळली. १८९२ मध्ये तानसा. मग १९५७ मध्ये वैतरणेवरचं धरण, ज्याला अभियंता मोडक यांच्या नावावरून मोडकसागर म्हणतात. १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा, ऐंशीच्या दशकात भातसा, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. दर पिढीला शहराची ओंजळ थोडी आणखी लांब पोहोचली.

स्थापत्य म्हणून हे काम थोरच आहे. तानसाचं पाणी शंभर किलोमीटरच्या आसपासचं अंतर पंपाशिवाय, निव्वळ उतारानं कापत मुंबईत येतं. पटकी आणि हगवणीनं मरणारी किती माणसं या नळांनी वाचवली असतील, याचा हिशेब कुणी केला तर तो मोठा निघेल. आजही मुंबईच्या वस्त्यांमध्ये पाण्यासाठी पहाटे उठणाऱ्या बायका आहेत, आणि त्यातल्या काहींचं माहेर शहापूर-मुरबाडचंच असेल. पाणी आणणं ही चूक नव्हती.

मग चूक कुठं? ग्रीक नाटककार हाच प्रश्न विचारतो, आणि त्याचं उत्तर बारकाव्यात असतं. एस्किलसच्या 'ॲगॅमेम्नॉन' नाटकात, इ. स. पू. ४५८ मध्ये, वृद्धांचा कोरस बळीचा प्रसंग सांगतो. त्यातला सर्वात अंगावर येणारा तपशील सुऱ्याचा नाही. बाप सेवकांना सांगतो, तिचं तोंड बांधा. तिच्या तोंडून शाप निघाला तर घराला बाधेल म्हणून. ती फक्त डोळ्यांनी पाहत राहते. ज्या माणसांसमोर तिनं बापाच्या पंगतीत गाणी म्हटली, त्यांच्याकडे एकेकाकडे.

इफिजेनियाचा बळी टाळता आला असता का, यावर वाद घालता येतो. तोंड बांधण्यावर वाद नाही. ॲगॅमेम्नॉनची चूक तिथं आहे.

धरणाच्या गोष्टीत तोंड कसं बांधतात? दोरीनं नाही, कागदानं. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात 'सार्वजनिक प्रयोजन' हा शब्द होता. त्या शब्दापुढे गावाच्या 'नाही'ला फारशी किंमत नव्हती. हा कायदा २०१३ मध्ये बदलला. तोवर इथली बरीच धरणं उभी राहिली होती. शहापूर तालुका आणि मुरबाडमधली काही गावं राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतात. इथं वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी राहतात. ज्याच्या नावावर सातबारा नाही, जो पिढ्यान् पिढ्या दळी किंवा वरकस कसतोय, त्याचं काही बुडालं असं सरकारी यादीत दिसतच नाही.

आणि माणसांबरोबर देवही बुडतात. आपल्याकडे नदीच्या डोहाशी, विहिरीच्या काठाशी शेंदूर फासलेले सात दगड असतात: साती आसरा. ग्रीकांकडे त्यांच्या चुलत बहिणी होत्या. झऱ्याझऱ्याला एक, नायड म्हणत त्यांना. दोघीही माणसाला पाणी देतात आणि रुसल्या तर ओढून नेतात. हिलास नावाचा देखणा पोरगा पाणी भरायला गेला आणि तिथल्या झऱ्यातल्या अप्सरांनी त्याला आत घेतलं, अशी ग्रीक गोष्ट आहे. ती आपल्याकडच्या कुठल्याही गावात सांगितली तर कुणी आश्चर्य करणार नाही. जलाशय भरतो तेव्हा आसरांचे दगड, गावदेवी, वाघोबा, पितरांच्या जागा, सगळं खाली जातं. पंचनाम्यात झाडं मोजतात, घरं मोजतात. देव मोजायला रकाना नसतो.

तोंड सोडणं

एस्किलसनंतर अर्ध्या शतकानं युरिपिडीसनं तीच मुलगी पुन्हा रंगभूमीवर आणली. 'ऑलिसमधली इफिजेनिया' हे नाटक त्याच्या मृत्यूनंतर सादर झालं. या वेळी तिचं तोंड बांधलेलं नाही. ती बोलते. बापाला आठवण करून देते की तुला पहिल्यांदा बाबा म्हणणारी मीच. प्रकाश पाहणं किती गोड आहे, हे सांगते. शेवटी ती स्वतः मरण पत्करते; खुशीनं की नाइलाजानं, यावर अभ्यासक अजून भांडतात. नाटकाच्या अखेरीस दूत येऊन सांगतो की सुरा पडला तेव्हा वेदीवर मुलगी नव्हती, हरिणी होती. देवीनं मुलीला उचलून नेलं. आईला, क्लायटेम्नेस्ट्राला, हे पटत नाही. आपला शोक थांबावा म्हणून ही कहाणी रचली नसेल कशावरून, असं ती विचारते.

आपल्या कहाणीतली सून जास्त नशीबवान. ती माहेरून परतताना त्याच तळ्याशी थांबते, पूजा करते, आपल्या वंशातल्या बुडालेल्यासाठी मागणं मागते, आणि पाण्यातून मूल तिचे पाय ओढतं. ग्रीक आईच्या पदरात असं काही पडत नाही. ती दहा वर्षं थांबते आणि ट्रॉय जिंकून आलेल्या नवऱ्याला न्हाणीघरात मारते. मग मुलगा ऑरेस्टेस आईला मारतो. एका बांधलेल्या तोंडातून निघालेला राग पिढी ओलांडतो.

हे सगळं अथेन्समध्ये कुठं दाखवलं जाई, तेही लक्षात घ्यावं. डायोनिससच्या वसंतातल्या उत्सवात, ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर, हजारो नागरिकांसमोर. याच उत्सवात, याच रंगमंडळात अथेन्सच्या अंकित शहरांकडून आलेल्या खंडणीची चांदी लोकांना मिरवून दाखवत. आधी शहराची श्रीमंती बघायची, मग त्याच जागी बसून बळी गेलेल्यांचं बोलणं ऐकायचं. अथेन्स काही न्यायी शहर नव्हतं. तिथं गुलाम होते, बायकांना मत नव्हतं. पण ज्यांना सभेत बोलता येत नव्हतं, त्यांना निदान नाटकात तोंड मिळे. गुलाम स्त्रियांचा कोरस तिथं राजाला सुनावू शकत होता.

जुन्या देवींचा वाटा

या रक्ताच्या साखळीचा शेवट एस्किलसनं कोर्टात केला. मातृहत्येचा सूड घ्यायला एरिनीज, म्हणजे जमिनीखालच्या जुन्या देवी, ऑरेस्टेसच्या मागे लागतात. अथेन्समध्ये अरिओपॅगसच्या टेकडीवर खटला चालतो. मतं समसमान पडतात, अथीनाचं मत त्याच्या बाजूनं असतं, तो सुटतो. जुन्या देवी खवळतात: तुम्ही नव्या देवांनी जुने कायदे तुडवलेत, आम्ही ही जमीन नापीक करू.

अथीनाजवळ झ्यूसची वीज होती. ती तिचा उल्लेखही करते. पण वापरत नाही. ती समजावत राहते. त्या ऐकत नाहीत, ती पुन्हा समजावते. आणि शब्दांबरोबर ती वाटा देते: याच शहरात घर, मान, लग्न आणि अपत्यजन्माच्या वेळी पहिला नैवेद्य. त्या मानतात. शाप द्यायला निघालेल्या त्या देवी पिकांना आणि जित्राबांना आशीर्वाद देत, मशालींच्या उजेडात आपल्या नव्या घरी जातात. तीन नाटकांची रक्तबंबाळ मालिका वाटणी नीट झाल्यावर थांबते.

शहापूर-मुरबाडची मालिका कुठल्या अंकात आहे? तुकडे इकडेतिकडे दिसतात. मुरबाडच्या बाजूच्या बारवी धरणाची उंची वाढली, तेव्हा उठलेल्या कुटुंबांपैकी काहींना लांबच्या लढ्यानंतर नोकऱ्या मिळाल्या. माळशेजच्या पायथ्याशी काळू नदीवर महानगरासाठी धरणाचं काम वनखात्याच्या मंजुरीआधीच सुरू झालं. श्रमिक मुक्ती संघटना कोर्टात गेली आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते थांबवलं. तो विषय मिटलेला नाही, पण तिथं एक खटला चालला, गावं बोलली. शहापूरच्या गावांसाठी इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून उतारानं पाणी आणायची योजना आखली गेली. म्हणजे भातसाच्या तालुक्याची तहान भागवायला पाणी घाटावरून येणार. हसू येईल अशी गोष्ट आहे, पण तिच्यात निदान एवढं कबूल झालंय की या गावांचं काहीतरी देणं लागतो.

ते देणं उपकार म्हणून द्यायचं की वाटा म्हणून, एवढाच प्रश्न उरतो. टँकर हा उपकार असतो. तो आला तर आला. वाटा हक्कानं मागता येतो. अथीनानं जुन्या देवींना टँकर पाठवला नव्हता.

वैतरणा हे नदीचं नाव कानाला वैतरणीसारखं लागतं. आपल्याकडे मेल्यावर ओलांडायची नदी ती. ग्रीकांच्या पाताळातही नद्या आहेत. त्यातल्या एकीचं नाव लीथी, जिचं पाणी प्यायलं की मागचं सगळं विसरतं. मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवलीत नळ सोडताना आपण नकळत थोडी लीथी पितो.

पावसाळ्यात आपण सगळेच मोबाइलवर एक आकडा पाहतो: सात तलावांत आज किती टक्के साठा. आकडा वाढला की गटावर फॉरवर्ड करतो, कपात टळली म्हणून बरं वाटतं. त्यात वाईट काही नाही. तळं भरलं म्हणून कहाणीतलं गावही हरखलं असणार. फक्त याच दिवसांत, श्रावणात, शीतलासप्तमी येते. त्या दिवशी जुन्या बायका भरलेल्या पाण्याची पूजा करायच्या आणि त्यात कोण आहे याची आठवण ठेवायच्या. तो आकडा बघताना आपल्याला निदान गावांची नावं तरी ठाऊक असावीत.